गच्ची केंद्र, सांगली

गाडीच्या लायटरमध्ये खोचून मोबाइलवरची गाणी गाडीतल्या रेडिओला ऐकवणारा एक अंगठ्याएवढा एफएम ट्रान्समीटर मी घेतला. गाडीपुरतं वाजावं एवढीच त्याची कुवत. पण माझ्या डोक्यात म्हसवड शिरलं होतं. तिथली माणदेशी तरंग वाहिनी 2008 पासून 90.4 मेगाहर्ट्झवर बोलते. म्हसवडला जमतं, मग आमच्या साताऱ्यात शनिवार पेठेत का नाही? सामुदायिक रेडिओला परवाना, मोठं यंत्र आणि 30 मीटरपर्यंतचा मनोरा असतो, हे किरकोळ तपशील मी सोडून दिले.

पहिलं प्रक्षेपण जिन्यापर्यंत पोचलं. मग एरियल म्हणून तांब्याच्या तारेचं अख्खं वेटोळं जोडलं, तर ते जिन्यापर्यंतही पोचेना.

सांगलीचे मामा जन्मभर वायरमन. फोनवर म्हणाले, "अरे, 100 मेगाहर्ट्झची लहर 3 मीटरची. पाव लहर, म्हणजे 75 सेंटीमीटर तार बास झाली. आणि अंतर दुप्पट करायला ताकद चौपट लागती, त्यापेक्षा उंचीवर चढ. एफएम सरळ रेषेत जातंय, तुमच्याकडं जिकडं बघावं तिकडं डोंगर. सांगलीला ये. सगळं सपाट."

गेलो. विश्रामबागेत मामांच्या गच्चीवर बांबूला मापाची तार बांधली, खाली गाडीची जुनी बॅटरी जोडली. या धावपळीत मामींच्या वाळत घातलेल्या काही कुरडया धारातीर्थी पडल्या. मग 'वाचनाचे महत्त्व' हे माझं ध्वनिमुद्रित भाषण आसमंतात सोडलं आणि कठड्यावरून ओरडलो, "मामा, लागलं का?"

"खणखणीत लागलंय!"

धावत खाली आलो. मामांचा रेडिओ मिडियम वेव्हचा. त्यावर 1963 पासूनचं सांगली आकाशवाणी केंद्र 1251 किलोहर्ट्झवर बाजारभाव सांगत होतं. एफएमचा पट्टा त्या रेडिओला मुळात नव्हताच.

तरीही प्रयोग फुकट गेला नाही. चार घरं पलीकडचे तारखात्यातून निवृत्त झालेले काका फाटकात येऊन उभे राहिले. गाण्याच्या मध्येच कोणीतरी वाचनाचे फायदे सांगू लागलं म्हणून माग काढत आलेले. 1933 चा वायरलेस कायदा त्यांना तोंडपाठ होता. विनापरवाना प्रक्षेपणाला काय काय होऊ शकतं, हे त्यांनी मामींसमोर सविस्तर सांगितलं. मामींनी त्यात कुरडयांचं कलम जोडलं.

जाता जाता काकांनी आमच्या केंद्राकडे पहिली फर्माईश नोंदवली : "बंद करा."

श्रोत्यांच्या आग्रहाखातर ती तत्काळ पूर्ण करण्यात आली.