आडतीवर भाषा

पुण्यातल्या एखाद्या बऱ्यापैकी कंपनीत जर्मनचा किंवा जपानीचा वर्ग सुरू झाला की पहिल्या शनिवारी खुर्च्या कमी पडतात. महिन्याभरात त्या पुरतात. दिवाळीच्या सुमारास शिकवणाऱ्या बाई आणि एकच विद्यार्थी उरतो, आणि तोही घरची साफसफाई टाळायला आलेला असतो. यावरून नोकरदार माणूस आळशी आहे असा निष्कर्ष काढण्याची पद्धत आहे. ती मला मान्य नाही. हाच माणूस गृहकर्जाचा व्याजदर पाव टक्क्याने हलला तरी रात्री बारा वाजता हप्त्याचं गणित मांडत बसतो. त्याला शिकता येत नाही असं कोण म्हणेल? पण पुस्तकातल्या पहिल्या धड्यात त्याला 'माझं नाव अमुक, माझ्याकडे एक मांजर आहे' असं म्हणायला लावतात, आणि चाकणच्या कारखान्यात वेल्डिंग तपासणाऱ्याला जर्मन साहेबाशी मांजराविषयी बोलण्याचा प्रसंग सहसा येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की या वर्गांचं व्याकरण बरोबर आहे, हिशोब चुकला आहे. भाषा तास भरून येत नाही. ती येत नसल्यामुळे गाठचे पैसे जायला लागले की येते. याचा पुरावा पुण्यात सापडणार नाही. त्यासाठी नांदेड जिल्ह्याच्या टोकाला धर्माबादच्या मोंढ्यात जावं लागेल, शक्यतो नाकाला रुमाल बांधून.

धर्माबाद हे मिरचीचं गाव. संक्रांत सरली की तेलंगणाच्या बाजूने लाल मिरचीची पोती येऊन पडू लागतात आणि मग उन्हाळा संपेपर्यंत मोंढ्यातल्या प्रत्येक बोलण्यात मध्येमध्ये शिंका असतात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळं आंध्र प्रदेशात गेली आणि धर्माबाद अलीकडे राहिलं. रेषा आखणाऱ्यांनी माणसं वाटून घेतली, मिरचीला मात्र कोणी कळवलं नाही. ती जुन्याच वाटेने येत राहिली आणि येताना तेलुगू घेऊन आली. आडत्याकडे नव्याने लागलेल्या पोराला कोणी तेलुगूची मुळाक्षरं गिरवायला लावत नाही. 'एंत' म्हणजे किती, 'एक्कुव' म्हणजे जास्त, 'तक्कुव' म्हणजे कमी आणि 'रेपु' म्हणजे उद्या, एवढं त्याच्या कानावर आधी पडतं. उधारीच्या व्यवहारातलं जवळजवळ सगळं तत्त्वज्ञान या चार शब्दांत बसतं, विशेषतः चौथ्यात. मग येते 'तालू', म्हणजे रंग उडून पांढुरकी पडलेली मिरची. आपण जिला फटकी म्हणतो ती. पोतं तोंडाशी लालभडक आणि पोटात तालू निघालं, आणि माल घेण्याआधी बाजूला कुजबुजलेला हा शब्द आपल्याला ऐकू आला नाही, तर त्याची किंमत क्विंटलच्या हिशोबाने मोजावी लागते. असा शब्द माणूस जन्मात विसरत नाही. मांजराला जर्मनमध्ये काय म्हणतात ते तो सोमवारी सकाळीच विसरतो, कारण मांजराने त्याचं काहीही नुकसान केलेलं नसतं.

आता दुसऱ्या टोकाचा हिशोब पाहू. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट आपल्या मुत्सद्द्यांना भाषा शिकवते आणि कुठल्या भाषेला किती वेळ लागतो याचा तक्ताही ठेवते. त्यात तेलुगूला ४४ आठवडे, म्हणजे वर्गातले सुमारे १,१०० तास लागतात. जपानीला ८८ आठवडे आणि २,२०० तास. तिथे शिकणाऱ्याला शिकण्याचाच पगार मिळतो. आपल्याकडचा शनिवारचा दोन तासांचा वर्ग धरला तर जपानीसाठी १,१०० शनिवार लागतील, म्हणजे एकवीस वर्षं, तीही एकही लग्न, मुंज किंवा मार्चअखेर मध्ये आली नाही तर. हा तक्ता इंग्रजी मातृभाषेच्या लोकांसाठी आहे हे खरं. तिकडचा मुत्सद्दी शेवटी करारमदारांवर बोलू शकतो आणि मोंढ्यातलं पोरगं मिरचीपलीकडे फारसं जात नाही, हेही खरं. पण माझा मुद्दा तिथेच आहे. कंपनीला नोकराकडून करारमदार नको असतात. तिला हवं असतं ते एवढंच, की यंत्र बंद पडल्यावर त्याने जपानी इंजिनिअरला 'कालपासून असा आवाज येतोय' हे सांगावं. युरोपच्या कौन्सिलने २००१ मध्ये भाषेच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत ज्या सहा पायऱ्या छापल्या, त्यांतही शब्द किती येतात हे मोजलेलं नाही; माणूस त्या भाषेत काय करू शकतो हे लिहिलेलं आहे. युरोपातल्या पंडितांना हे कळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. आपल्या आडत्यांनी त्याची पुस्तिका छापली नाही, एवढीच त्यांची चूक.

यावर धर्माबादची माहिती असलेला वाचक मला थांबवेल. तो म्हणेल, तिथे कित्येक घरांत तेलुगू जन्मापासूनच बोलतात, मग शिकण्याचं कौतुक कसलं? बरोबर आहे. पण त्या घरांतल्या लोकांना मराठी कोणी शिकवली? आणि मोंढ्यात पेढी घातलेल्या मारवाडी कुटुंबांचं काय? त्यांच्या घरात यातली एकही भाषा नव्हती आणि गल्ल्यावर दोन्ही लागत होत्या. दुसरा आक्षेप असा की तेलुगू ही काही परकी भाषा नव्हे. भारतीय म्हणून ती आपली आहे, यात वादच नाही. पण भाषांची कुळं पाहिली तर मराठी आणि जर्मन एकाच मोठ्या खानदानातल्या आहेत आणि तेलुगू वेगळ्या घरची. जर्मन ही आपली दूरची चुलत बहीण, तेलुगू नुसती शेजारीण. बहिणीशी आपलं कधी बोलणं होत नाही आणि शेजारणीकडे रोजचं जाणं-येणं आहे, यात रक्तापेक्षा वाटी-वाटी साखरेचा हात मोठा.

कंपनीने पैसे देऊन भाषा शिकवणं ही अगदी नवी कल्पना आहे, असं मनुष्यबळ विभागाला वाटतं. तिचा सर्वांत मोठा प्रयोग दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्या कंपनीचं नाव ईस्ट इंडिया कंपनी आणि शिकायच्या परक्या भाषांमध्ये एक होती मराठी. गव्हर्नर जनरल वेलस्लीने १८०० मध्ये कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज काढलं ते कंपनीच्या कोवळ्या नोकरांसाठी. तिथे विल्यम कॅरे मराठी शिकवत. ते राहायचे श्रीरामपूरला. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नव्हे, बंगालमधल्या. पंडित वैजनाथांच्या मदतीने मराठी शिकवता शिकवता त्यांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये कोश. लंडनमधल्या संचालकांना हा खर्च अजिबात पटला नव्हता. त्यांनी कॉलेजच्या पायात शक्य तितक्या बेड्या घातल्या. म्हणजे प्रशिक्षणाचं अंदाजपत्रक कापण्याची परंपराही तितकीच जुनी आहे. तरीही गाडी चालली, कारण देशी भाषा आल्याशिवाय काही पदं मिळायचीच नाहीत, असा वेलस्लीचा नियम होता. व्याकरण १८०५, कोश १८१०, आणि १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर युनियन जॅक. अभ्यासक्रमाचं इतकं ठळक फलित नंतर कुठल्याही कंपनीला आपल्या वार्षिक अहवालात दाखवता आलेलं नाही. (दरम्यान फौजाही बऱ्याच लागल्या, पण प्रशिक्षण विभाग अशा बारीकसारीक गोष्टी अहवालात घेत नाही.) मराठवाड्यात निजामाच्या राज्यात तर सगळ्या प्रौढ माणसांना असा वर्ग लागला होता, फक्त खोली नव्हती. दरबार, कचेरी, कोर्ट सगळं उर्दूत. १९१८ मध्ये निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. नांदेडच्या वकिलाला उर्दू येत नसेल तर त्याचा अशील हरत असे, आणि हरलेला अशील दुसऱ्यांदा येत नसे. शिकण्याच्या फीची परतफेड या वकिलांना कोणी केली नाही. उत्तीर्ण झाल्याचा दाखला म्हणजे दुसऱ्यांदा आलेला अशील.

'पण त्यांना वाचता-लिहिता कुठे येतं?' हा सर्वांत वजनदार आक्षेप. मोंढ्यातल्या तेलुगूला लिपी नसते, भूतकाळ-भविष्यकाळ गोळाबेरीज असतात, आदरार्थी रूपांची तर दैना. मला हे सगळं कबूल आहे. मात्र समोरच्या बाजूची परिस्थितीही जरा पाहावी. जपानी भाषेची जगभर मानली जाणारी जी जेएलपीटी परीक्षा आहे, जिच्या एन-पाच ते एन-एक या पायऱ्यांवर पुण्यातल्या पगारवाढी अवलंबून असतात, तिच्यात वाचायचं असतं, ऐकायचं असतं, उत्तराचा गोल काळा करायचा असतो. बोलायचं मात्र नसतं. तोंडातून एक शब्द न काढता माणूस वरची पायरी गाठू शकतो. म्हणजे एका ठिकाणी नुसतं बोलतात, दुसऱ्या ठिकाणी नुसतं वाचतात आणि अडाणी म्हणायचं पहिल्याला. शिवाय दाखल्याचं काय करायचं यावरही दोघांचं मत वेगळं. कंपनीतला माणूस एन-तीन झाला की तासाभरात ते लिंक्डइनवर टाकतो. मोंढ्यातला मुरलेला माणूस तेलुगू येते हे शेवटपर्यंत कळू देत नाही. विकणारा आणि त्याचा भाऊ 'यात किती खाली उतरायचं' हे समोरच उभं राहून आपसात ठरवत असतात, आणि हा गृहस्थ छपराकडे बघत, काहीच न कळल्यासारखा, शिंकतो. भाषांतर करणारा मोबाइल आल्यावर भाषा शिकायचं कारण काय, असं विचारणाऱ्यांनी या शिंकेचा विचार करावा. बोलणाऱ्या दोघांच्या मध्ये फोन धरला की ते बोलायचे थांबतात.

याच तालुक्यात उलट पुरावाही आहे. गोदावरीवरचा बाभळीचा बंधारा धर्माबादजवळच. त्याच्या पाण्यावरून दोन राज्यांत भांडण पेटलं; जुलै २०१० मध्ये आंध्र प्रदेशचे तेव्हाचे विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू आपले आमदार घेऊन आले आणि इथे अटकेत राहिले. पुढे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवायचे. ते सगळं भांडण दिल्लीत इंग्रजीत झालं आणि त्यासाठी दोन्ही बाजूंच्या एकाही माणसाला दुसऱ्याची भाषा शिकावी लागली नाही. भांडायला वकील लावता येतो. सौद्याला तेवढी आडत परवडत नाही.

आता हा प्रश्न नुसता गमतीचा राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार केला. सुरुवातीला १०,००० कुशल माणसं तिकडे पाठवायची ठरली: परिचारिका, वायरमन, नळ जोडणारे, वाहनचालक, आचारी. त्यांना जर्मन शिकवायचं कामही सरकारने अंगावर घेतलं. उद्देश उत्तम. मात्र आपल्याकडे जर्मन बहुधा इंग्रजीच्या आधाराने शिकवतात, आणि त्यामुळे मराठी मुलाला जर्मन शिकण्याआधी इंग्रजी बोलणाऱ्यांची भीती शिकावी लागते. मार्क ट्वेनने १८८० मध्ये जर्मन भाषेविरुद्ध एक अख्खा लेख लिहिला. वस्तूंना तीन लिंगं असतात याचा त्याला संताप, आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं याचा त्याहून जास्त. ज्याच्या भाषेत चाकू पुल्लिंगी, सुरी स्त्रीलिंगी आणि ताट नपुंसकलिंगी आहे, त्याने यात घाबरण्यासारखं काय आहे? क्रियापदासाठी वाक्याच्या टोकापर्यंत थांबायची सवय तर आपल्याला पाळण्यापासून. जपानीत क्रियापद शेवटी येतं, तेलुगूतही. अमेरिकन माणसाला जिथे डोंगर दिसतो तिथे धर्माबादच्या पोराला नुसता चढ असायला हवा. पण त्याच्या हातात नकाशा मात्र अमेरिकन माणसाचा दिलेला.

शेवटची हरकत माझी मीच घेतो, कारण ती खरी आहे. धर्माबादला तेलुगू बोलणारा माणूस पोतं घेऊन स्वतः येतो. जर्मन येत नाही. आला तरी तो घासाघीस करणार नाही. किंमत छापील असते यावर त्याची श्रद्धा, आणि मग 'एक्कुव-तक्कुव' संपलं की आपल्या अभ्यासक्रमाचा पहिलाच धडा बुडाला. परिचारिकेला परीक्षेचा कागद लागतो, त्याच्याशिवाय तिकडे नोंदणी होत नाही. तिथे मोंढा उपयोगाचा नाही, तिने वर्गातच बसावं. पण बाकीच्यांसाठी घासाघीस नसली तरी तक्रार आहे. तक्रार करण्यात, छापील किंमत देऊन बसलेला माणूस कोणालाही हार जात नसावा. तेव्हा वर्गात पहिल्या दिवसापासून गळका नळ ठेवावा, पलीकडे एक निवृत्त जर्मन गृहस्थ पडद्यावर बसवावा, त्याच्या हातात शिकणाऱ्याच्या महिन्याच्या विद्यावेतनातले शंभर-दोनशे रुपये द्यावेत आणि नळ का गळतो हे पटेपर्यंत त्याने ते सोडू नयेत. शिकवणाऱ्या बाईंनाही तासाच्या दराने पैसे देणं बंद करून आडत लावावी: विद्यार्थ्याने पडद्यापलीकडून जेवढं सोडवून आणलं, त्यावर शेकडा काही. हा खर्च 'प्रशिक्षण' या शीर्षाखाली टाकायचा की 'दलाली' या, असा प्रश्न लेखा विभाग उपस्थित करेलच. त्यांना सांगावं, रेपु.