वस्तरेबहाद्दर

नंदुरबार जिल्ह्यात तालुके सहा आणि वस्तरेबहाद्दर दर तालुक्याला किमान एक. ओळखायची खूण सोपी आहे. गालावर आठवड्याची दाढी आणि डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत. वस्तऱ्याच्या धारेची परीक्षा तिथे चालते. गालाची पाळी येण्याआधीच हातावरची लव संपते. मग बहाद्दराची नजर उजव्या हाताकडे वळते, तिथून नातवाच्या डोक्याकडे. अशा घरांत नातवंडं लवकर पळायला शिकतात.

बहाद्दर बहुधा पेन्शनर असतो. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ह्याने फायलींच्या वाटण्या केलेल्या असतात. निवृत्तीनंतर वाटायला काही उरत नाही. अशात निरोपसमारंभाची शाल ठेवायला उघडलेल्या पेटीच्या तळाशी आजोबांचा वस्तरा सापडतो. गंजलेलं पातं, शिंगाची मूठ आणि भिंग लावल्यावर दिसणारा जोसेफ रॉजर्सचा तारा-क्रूसाचा छाप. म्हणजे थेट शेफील्ड! त्या क्षणी घराण्याचा इतिहास बदलतो. कालपर्यंत कोरडवाहू कसणारे आजोबा आज ‘शेफील्डशिवाय गालाला पोलाद लावू देत नसत’. १९०४ साली सेफ्टी रेझरचं पेटंट घेणाऱ्या जिलेटवर बहाद्दराचा तेव्हापासून वैयक्तिक राग असतो.

मग घरात दगड येतात. एक हजार नंबरचा धार बसवायला, तीन हजारांचा ओरखडे काढायला, आठ हजारांचा गुळगुळीत करायला आणि बारा हजारांचा पाहुण्यांना दाखवायला. स्वयंपाकघरात मटकी भिजते, न्हाणीघरात दगड भिजतो. मटकीला दोन दिवसांत मोड येतात. वस्तऱ्याला महिनाभर धार येत नाही. शिलाई मशीनचं तेल गंज लागू नये म्हणून पात्याला जातं आणि मशीन कुरकुरू लागतं. बायकोही कुरकुरते, पण तेल पात्यालाच मिळतं.

दगडानंतर पातं घासायच्या कातडी पट्ट्यासाठी वारी सारंगखेड्याला. दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी देशभरातले घोडे येतात. लोक त्यांचे दात, चाल आणि भोवरे बघतात. आपला बहाद्दर घोड्याकडे ढुंकूनही न पाहता त्याच्या पोटाखालचा तंग चाचपतो. घोडेवाला लाखाच्या सौद्याची तयारी करतो आणि हा विचारतो, “नुसतं कातडं केवढ्याला?” तंग घरी येऊन खिडकीच्या गजाला लटकतो. पट्ट्यावर पात्याची पाठ पुढे हवी आणि धार मागे. दगडावर नेमकं उलट. हे ध्यानात येईपर्यंत त्या तंगाचे चार बंद होतात.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात. इथे न्हावी कामात गर्क आणि रिकामा आहे तो पेन्शनर. सलूनवाल्याने वस्तरा केव्हाच ठेवून दिला. एड्सची भीती आली तसा अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा आला. गिऱ्हाईक उठलं की ब्लेड कचऱ्यात. त्याचे वडील धोकटी घेऊन बलुत्यावर गावं करत आणि रात्री कंदिलाजवळ बसून उद्याची हत्यारं लावत. ते कष्ट सुटले म्हणून तो सुखात आहे. त्याला बहाद्दर परंपरा जपण्यावर व्याख्यान देतो. तो निमूट ऐकतो, वस्तरा अंगठ्यावर फिरवून बघतो आणि म्हणतो, “आबा, पाठ उचलू नका. पाठ दगडले टेकेल ऱ्हाऊ द्या.” पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकल्या की कोन आपोआप साधतो. एवढं एक वाक्य बारा हजारांच्या दगडात नव्हतं. दुसऱ्या दिवशी बहाद्दर हाच शोध स्वतःचा म्हणून त्याच सलूनवाल्याला समजावून सांगतो.

अखेर टांगता केस पात्याला लागताच तुटतो आणि दाढीचा मुहूर्त निघतो. उजवा गाल उजव्या हाताने निभावतो. डाव्याशी येताच हिंमत सरते. मग नवापूरचं स्टेशन जसं अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत, तसा चेहरा अर्धा या राज्यात, अर्धा त्या राज्यात ठेवून बहाद्दर बाजारात निघतो. दिवस हिवाळ्याचे. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली. तिकडून वारा सुटतो आणि ताज्या कापलेल्या गालाला भेटतो. त्यानंतर बहाद्दराच्या तोंडून जे निघतं ते शेफील्डचं नसतं, अस्सल खानदेशी असतं. सलूनवाला तुरटी पुढे करतो आणि म्हणतो, “गाल तुमना, वस्तरा तुमना, रगत बी तुमनंच, मी काय सांगू?”

तरीही या माणसाचं एक मान्य करायला हवं. जन्मभर दुसऱ्यांच्या फायली पुढे ढकलल्यावर त्याने पहिल्यांदाच एक काम स्वतःच्या हाताने, स्वतःच्या जबाबदारीवर अंगावर घेतलं आहे. तेव्हा तुमच्याही पेटीत आजोबांचा वस्तरा निघाला तर खुशाल शिका. आधी गावातल्या जुन्या कारागिराला गाठा, दगड नंतर घ्या. कातडी ताणून धरा, पातं गालाशी तीस अंशांच्या आसपास ठेवा, तुरटी हाताशी असू द्या. आणि मिरचीच्या हंगामात मुकाट्याने सलूनमध्ये जा.