फुंकणीवाला पाहुणा

भाचा जपानहून आला तो नेमका महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी. आमच्या अकोल्याच्या घरात त्या दिवशी पाहुण्याला पाणी विचारायलाही कुणी मोकळं नसतं. कोठ्या घासून वाळत घातलेल्या, लुगडी इस्त्रीला गेलेली, आणि अमरावतीहून आणलेले दोन्ही मुखवटे पाटावर टपोऱ्या डोळ्यांनी आमची धांदल बघत बसलेले. (आमच्या अमरावतीचे मुखवटे पुण्याच्या बाजारातही अमरावतीचे म्हणूनच विकले जातात. हे मी दरवर्षी एकदा तरी कुणाला ऐकवतोच.)

त्यातच भाच्यानं बॅग उघडली आणि फडक्यात गुंडाळलेलं एक लाकडी तोंड माझ्या हातात ठेवलं. ओठांचा चंबू, तोही एका बाजूला सरकलेला. एक डोळा मोठा, एक बारीक. डोक्याला बांधलेलं फडकंसुद्धा लाकडातच कोरलेलं. क्योतोत तो-जी देवळाच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला बाजार भरतो, तिथल्या जुन्यापान्या वस्तूंतून त्यानं ते उचललं होतं. शिंतो देवस्थानांत देवापुढे कागुरा नावाचा नाच होतो, त्यातला हा गमत्या. उलटून पाहिलं तर आत नाका-हनुवटीपाशी लाकूड काळवंडलेलं. कुण्या अनोळखी माणसाच्या घामानं. मी ते पटकन सुलटं केलं. दुसऱ्याच्या खिशात हात गेल्यासारखं झालं.

आईनं चष्मा लावला. ‘‘बाप्पा! याचं तोंड कावून वाकडं हाये?’’

‘‘आजी, याचं नाव ह्योत्तोको. हि म्हणजे आग, ओतोको म्हणजे बाप्या. त्यावरूनच नाव पडलं म्हणतात. बांबूच्या नळीनं चूल फुंकतो तो.’’

‘‘म्हंजे फुंकनीवाला. मंग तसं सांग ना! पावसाळ्यात ओल्या पऱ्हाट्या पेटवतानी माहं तोंड असंच होये.’’

भाचा गप्प. जपानात इतकी वर्षं काढून त्याला जे सांगता येत नव्हतं, ते आईनं पऱ्हाटीच्या एका काडीवर उरकलं. मला मात्र त्या दिवसापासून जपानविषयी आदर वाटू लागला तो बुलेट ट्रेनमुळे नाही. चूल फुंकणारा पुरुष त्यांनी थेट देवापुढे नाचायला उभा केला, म्हणून. आमच्या घराण्यात असा पुरुष झाल्याची नोंद नाही.

रात्री फुलोऱ्याच्या करंज्यांना मुरड घालता घालता भाच्यानं त्या नाचाची गोष्ट सांगितली. ती इ.स. ७१२ च्या ‘कोजिकी’ या ग्रंथात आहे. सूर्यदेवी अमातेरासू भावाच्या धिंगाण्याला कंटाळून गुहेत जाऊन बसली. जगात अंधार झाला. तेव्हा उझुमे नावाची देवी एक पिंप पालथं घालून त्यावर अशी काही नाचली, की सगळे देव खो-खो हसले, आणि बाहेर एवढं काय चाललंय हे बघायला अमातेरासूनं दार किलकिलं केलं. कागुराचं मूळ तिथे सांगतात.

‘‘रुसली होती म्हना,’’ आई म्हणाली. ‘‘मंग मनवाच लागते.’’

आमच्याकडे मनवण्याचं काम इतक्या स्वस्तात होत नाही. सोळा भाज्या, पुरण, कढी, आंबील. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात माणसं देवांचे मुखवटे बांधून रात्रभर नाचतात. वऱ्हाडात मुखवटा कोठीवर निवांत बसतो आणि नाचतं अख्खं घर. ज्येष्ठा नक्षत्रावरच्या जेवणाच्या दिवशी मी स्वतः नारळ, केळीची पानं आणि विसरलेलं आलं यांसाठी चार फेऱ्या मारल्या. ह्योत्तोकोला आईनं गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर बसवलं होतं. ‘‘चुलीपाशीच बरा.’’ भज्यांच्या धुरात तो घरचाच वाटायला लागला.

त्याच धावपळीत भाच्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती मला चिकटली. जपानातल्या नोह नाटकाचे नट मुखवटा किंचित वर करतात, तेव्हा चेहरा उजळला असं म्हणतात. खाली झुकवला की त्यावर ढग आला. लाकूड तेच, फक्त उजेड सरकतो. आणि आमच्या घरी तर पिढ्यान् पिढ्या बायका आवाहनाच्या संध्याकाळी म्हणत आल्या आहेत, ‘‘आज किती प्रसन्न दिसतात!’’ आणि मूळ नक्षत्रावर त्याच म्हणतात, ‘‘पाहा, चेहरे उतरले.’’

तिसऱ्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य झाला, अक्षता टाकून महालक्ष्म्या जागच्या जागी हलवल्या. हलवताना धाकटीचा मुखवटा किंचित पुढे कलला. गालांवर सावली आली. बहिणीनं पदर डोळ्यांना लावला. माझ्या जिभेवर आख्ख्या नोहचं शास्त्र आलं होतं. पण दहीभात अजून वाढला जायचा होता, म्हणून गिळलं.

संध्याकाळी मुखवटे आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत गेले. भाचाही रात्रीच्या गाडीनं निघणार होता. शेगडीवरच्या खिळ्याला नीट टांगावा म्हणून मी ह्योत्तोकोला खाली काढला आणि हातात धरून खिळा शोधत उभा राहिलो. दारातून आई बघत होती.

‘‘पाह्य,’’ ती म्हणाली, ‘‘त्याचंबी तोंड उतरलं.’’

मी तो खाली झुकवून धरला होता. तसाच धरून ठेवला.