ड्रॅगनची झूल

पोळ्याला पिंपळनेरात बैल धुतात, शिंगं रंगवतात, पाठीवर झूल चढवतात. बैल तोच, उद्या पुन्हा औताला जुंपायचा. तरी ‘यात बदललं काय?’ असं विचारायची कुणाची छाती होत नाही. मग ‘स्कायरिम’ गेमला टेक्स्चर मॉड बसवणाऱ्या पोरालाच हा प्रश्न का? त्याचंही काम झुलीचंच. भिंती, दगड, ड्रॅगन यांच्या अंगावरचं चित्र तेवढं बदलायचं. सांगाडा आणि गोष्ट जिथल्या तिथे. मूळ चित्रं गेमच्या गाठोड्यात बांधलेली असतात. त्याच नावाची फाइल तशाच फोल्डरात मोकळी ठेवली, की गेम गाठोडं न सोडता ती उचलतो. दोन मॉडनी एकाच भिंतीवर हक्क सांगितला तर भाऊबंदकी होत नाही. ज्याचा हात शेवटी फिरला, त्याचा चुना. नवी फाइल काढली की जुनी भिंत जशीच्या तशी. एवढी सोय खऱ्या चुन्यातही नाही. चित्र सापडलंच नाही, तर मात्र भिंत भडक जांभळी होते. चूक लपवायची सवय या गेमला नाही.

कुणी म्हणेल, कलाकाराने जे दिलं त्यात ढवळाढवळ कशाला? पण दगड भुरकट ठेवणं ही कलाकाराची हौस नव्हती, ऐपत होती. हा गेम 11 नोव्हेंबर 2011ला आला तेव्हा तो एक्सबॉक्स 360वरही चालवायचा होता, आणि त्या यंत्राची मेमरी सगळी मिळून 512 एमबी. 4096 ठिपके लांब आणि तेवढंच रुंद चित्र न दाबता ठेवलं तर 64 एमबी खातं. म्हणजे आठ चित्रांत घर भरलं, ड्रॅगनने झोपायचं अंगणात. पुढे फेब्रुवारी 2012मध्ये कंपनीनेच कॉम्प्युटरवाल्यांना मोठ्या चित्रांचा संच फुकट दिला. बैलाच्या धन्यानेच झूल पाठवल्यावर शेजाऱ्याने नाक मुरडू नये.

दुसरा आक्षेप असा, की ही मंडळी खेळतात कमी आणि बसवतात जास्त. कबूल. पण कानबाईचा सण बघा. देवी रविवारी बसते आणि सोमवारी जाते. तिच्यासाठी घर झाडणं, रंगवणं, भांडी लख्ख करणं कितीतरी आधीपासून चालतं. तो वेळ वाया गेला, असं खान्देशात कुणी म्हणून दाखवावं! तयारी हाही सणच असतो. आक्षेप खरा ठरतो तो हव्यासापुरता. चित्राची लांबी-रुंदी दुप्पट केली की ठिपके चौपट होतात, आणि लांबची वस्तू तर गेम आपणहून लहान चित्रावरच भागवतो. तरीही कोपऱ्यातल्या कोबीला शालू नेसवणारे आहेतच. त्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं, की झूल निवडतो मालक, पण ती पेलायची असते बैलाला. ग्राफिक्स कार्ड मटकन बसलं, तर मिरवणूक कुणाची काढणार?