नऊ वॅटची मोहीम

विजेचे बिल हाती पडताच ज्याला काटकसरीचा साक्षात्कार होतो, आणि त्याच संध्याकाळी माजघरातला ९ वॅटचा दिवा क्षणभर निष्कारण जळत राहिला म्हणून जो अवघ्या कुटुंबाची जबानी घेतो, त्या गृहस्थाच्या कर्तव्यनिष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. घ्यायचीच तर ती त्याच्या हिशेबाविषयी घ्यावी. हा दिवा एक युनिट खर्ची घालायला सुमारे १११ तास घेतो, तर न्हाणीघरातला २००० वॅटचा गीझर पाणी तापवीत असता तोच मजकूर अर्ध्या तासात उरकतो; परंतु दिवा सर्वांसमक्ष उजळतो आणि गीझर दाराआड राहतो, म्हणून फौजदारी दिव्यावर!

नव्या वातानुकूलन यंत्रांची मूळ मांडणी २४ अंशांवर असावी, असा दंडक केंद्र सरकारने २०२० पासून घातला, आणि तापमान एका अंशाने वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. तथापि हे फर्मान एका बोटाने रद्दबातल करून, १८ अंशांत गोधडी पांघरून निजलेला हा मितव्ययी पुरुष प्रातःकाळी पुन्हा दिव्यांची झडती घ्यावयास सिद्ध असतो.

तेव्हा वाचकहो, दिवे अवश्य मालवा. मात्र तत्पूर्वी गीझर बंद करा, पंखा लावून २६ अंशांत झोप लागते का ते पाहा, आणि विजेच्या शेगडीवर डाळ शिजविण्यापूर्वी ती तासभर भिजवा. यात कीर्ती मुळीच नाही. फक्त बिल उतरते.