डुलकीचे अर्थशास्त्र

माल सकाळी बाजारात पोहोचलाच पाहिजे, प्रवासी पहाटे मुक्कामी उतरलाच पाहिजे आणि या दोघांना नेणाऱ्या चालकाने डोळा लावता कामा नये, या त्रिसूत्रीवर रात्रीची वाहतूक उभी असून, तीत झोप हाच काय तो अनाठायी खर्च आहे, असा व्यवसायाचा सिद्धांत दिसतो. शरीरशास्त्राला तो मान्य नाही. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन हे द्रव्य साचून झोपेची ओढ वाढते, मध्यरात्रीनंतर शरीराचे जैविक घड्याळही विश्रांतीचा हट्ट धरते आणि हा हट्ट मालकाच्या फोनला जुमानत नसल्यामुळे चालकाला सूक्ष्मनिद्रा, म्हणजे नकळत लागणारी काही सेकंदांची डुलकी, गाठते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या सरळसोट, एकसुरी रस्त्यावर तर डोळे उघडे राहूनही लक्ष हरपते. यास महामार्ग संमोहन म्हणतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक चार सेकंदांच्या डुलकीत सुमारे ८९ मीटर अंतर कापतो, म्हणजेच चालकाविना वाहन चालवण्याचे तंत्र या देशात केव्हाच रुळले आहे.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ नुसार चालकाचे काम सर्वसाधारणपणे दिवसाला आठ व आठवड्याला ४८ तासांपुरते मर्यादित असून, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक होती. रस्त्यावर ती विश्रांती बहुधा हा अधिनियमच घेताना आढळे. सतरा तासांच्या जागरणाने येणारा मंदपणा १०० मिलिलिटर रक्तातील सुमारे ५० मिलिग्रॅम मद्याइतका असतो, असे १९९७ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात आढळले, तर भारतीय कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. तथापि नाकाबंदीतील यंत्राला मद्य कळते, जागरण कळत नाही. कळले असते, तर चालकासोबत त्याचे वेळापत्रक आखणाऱ्यालाही ठाण्यात न्यावे लागले असते.

काच खाली करणे, गाणी मोठ्याने लावणे व तंबाखूचा बार भरणे या लोकमान्य उपायांनी चालकापेक्षा त्याचा आत्मविश्वासच अधिक जागा राहतो. प्रवासाआधी पुरेशी झोप, दर दोन तासांनी थांबा आणि पेंग येताच सुरक्षित जागी गाडी लावून, कॉफी पिऊन घेतलेली पंधरा-वीस मिनिटांची झोप हे उपाय खरे आहेत, कारण कॅफिनचा परिणाम साधारण तेवढ्याच वेळाने जाणवू लागतो. लांब पल्ल्यासाठी झोप झालेला दुसरा चालक सर्वोत्तम. मात्र त्यालाही पगार द्यावा लागतो, हा त्या उपायातील गंभीर दोष होय.

अपघातानंतर गुन्हा चालकावर नोंदला जातो, कारण डोळा त्याचा लागलेला असतो. ज्याने त्याला आदल्या रात्री तो लावू दिला नाही, तो त्या वेळी आपल्या घरी, आपल्या अंथरुणात झोपलेला असतो आणि तेथे झोपणे हा कोणत्याही कलमाखाली गुन्हा ठरत नाही.