म्हैसूर, व्हाया कॅम्प दोन

बदलापूरहून उल्हासनगर लोकलने पाव तासावर आहे. मधे अंबरनाथ लागतं, आणि डब्यात दोन्ही पाय टेकायला जागा मिळेपर्यंत तेही मागे पडतं. एवढ्याशा प्रवासाचं वर्णन लिहायला बसलो तर लोक हसतील. हसोत. लडाखला गाडी घेऊन जाणाऱ्यांना वाटेत दऱ्या, बर्फ आणि विरळ हवा एवढ्याच अडचणी असतात. आमच्याबरोबर गाडीचे मूळ मालक होते.

गाडी म्हणजे १९७४ ची येझदी, अडीचशे सीसी, टू-स्ट्रोक. मालक म्हणजे आमच्या बिल्डिंगमधले तळमजल्यावरचे काका, अंबरनाथच्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर इंचाच्या हजाराव्या भागाशी भांडलेला माणूस घरात सांभाळणं सोपं नसतं. वरणात मीठ कमी पडलं तर काका ‘जरासं’ म्हणत नाहीत, किती ते सांगतात. ही गाडी त्यांनी नवी घेतली, निवृत्तीपर्यंत रोज चालवली आणि गुडघ्यांनी नोटीस दिल्यावर पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी केली. मुलाला ती नको होती. भंगारवाला फेरीला आला की तिच्यासमोर दोन मिनिटं जास्त थांबायचा. हे लक्षात आल्यावर काकांनी मला खाली बोलावून घेतलं. "तू घे. पैसे नकोत. पण ओरिजिनल ठेवायची."

त्यांनी आरसी बुक दिलं, टूलकिट दिलं, पहिल्या दिवसापासूनच्या पेट्रोलचा हिशेब असलेली वही दिली. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सह्याही केल्या. किल्ली मात्र दिली नाही. "तुझ्याकडून हरवेल," म्हणाले.

कागदांचं फार सांगत नाही. पंधरा वर्षांच्या पुढच्या गाडीला पाच-पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि वर पर्यावरण कर, हे वाहनवाल्यांना पाठ असतं. दुसरी वाट २०२१ पासून उघडली आहे. पन्नाशी उलटलेली, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, फी वीस हजार, आणि रोजच्या वापराला ती काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढंच. काकांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी गाडी घेतली होती, मूर्ती नाही." विषय संपला.

आता पार्ट. इथं भूगोल आणि इतिहास दोन्ही आडवे येतात. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीनं १९६० च्या सुमाराला जावा बनवायला घेतली, १९७३ पासून तिचं नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०२२ मध्ये येझदी नावानं नव्या गाड्या आल्या आहेत, पण त्यांचा बोल्टसुद्धा हिला चालत नाही. मुळात हे इंजिन झेकोस्लोव्हाकियाचं, आणि तो देशच आता नकाशावर नाही. एवढं सगळं सांगून मी काकांना विचारलं की ओरिजिनल पार्ट आणायचा कुठून? ते म्हणाले, "शोधलं की सापडतं." मग माझ्या ओळखीच्या प्रत्येक मेकॅनिकनं, डोळे मिटून, एकच पत्ता दिला: उल्हासनगर, कॅम्प दोन.

काकांचा चेहरा पडला. आमच्या तिकडे उल्हासनगरबद्दल कुणी सरळ बोलत नाही. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद आमच्या लहानपणीच म्हातारा झाला होता, तरी घड्याळ, पेन, जीन्स काहीही हातात घेतलं की कुणीतरी तो करतोच. येझदीच्या अंगाला तिथला हात लागणार या विचारानं काका रात्रभर झोपले नाहीत, असं काकूंनी सांगितलं. त्या स्वतः छान झोपल्या होत्या. सकाळी गाडी छोट्या हत्तीत चढत होती तेवढ्यात त्यांनी ती जागा फिनेलनं धुऊन घेतली, आणि टेम्पो गेटबाहेर पडेपर्यंत तिथं कुरडया वाळत पडल्या होत्या.

टेम्पोत ड्रायव्हरशेजारी दोघांची जागा होती. काका मागे चढले, दोरखंडांनी बांधलेल्या गाडीवर बसले आणि त्यांनी हेल्मेट घातलं.

"काका, टेम्पोत हेल्मेट कशाला?"

"गाडीवर बसलोय ना?"

कल्याण-बदलापूर रस्त्यावर त्या दिवशी लोकांनी पाहिलं ते असं: एक वयस्कर गृहस्थ टेम्पोच्या हौद्यात मोटरसायकलवर ताठ बसलेले, आणि टेम्पो वळला की त्यांचा डावा-उजवा हात बाहेर. बैलगाडीच्या जमान्यातला हा हात दाखवायचा रिवाज आता फक्त काकाच पाळतात. चिखलोलीला एका शाळेच्या बसमधल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. खड्ड्यांबद्दल लिहायला लागलो तर लेख त्यातच जाईल. अंबरनाथ आलं तेव्हा काकांनी मागची काच वाजवून मला शिवमंदिराच्या दिशेनं बोट दाखवलं आणि ओरडून विचारलं, "१०६० चं देऊळ आहे. त्याला कुणी डुप्लिकेट दगड लावला का?" विमको नाक्यावर सिग्नलला ड्रायव्हरनं मला हळूच विचारलं, "आजोबांना उतरवायचं कुठे, दवाखान्यात?"

उल्हासनगरात पत्ता शोधणं ही वेगळी यात्रा आहे. दुसऱ्या महायुद्धात इथं लष्कराचा तळ होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेली लाखभर माणसं त्याच बराकींत उतरवली गेली, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवून त्या छावणीचं नगर केलं. सैनिक गेले, तरी आकडे राहिले. आजही पत्ता म्हणजे कॅम्प, बराक नंबर आणि खोली. बराकीच्या जागी चार मजली इमारत उभी राहिली तरी नंबर तोच, आणि शेजारचा नंबर शेजारीच असेल अशी सक्ती नाही. नेहरू चौक, शिरू चौक, जपानी बाजाराची कापडाची ठाणं, गजानंद मार्केटच्या साड्या, असा फेरा घालत आमचा छोटा हत्ती हॉर्न वाजवत फिरत होता. विचारावं त्यानं हात वर करून "बस, सामने" म्हणावं, आणि समोर लग्नाच्या शेरवाणी लटकलेल्या असाव्यात.

शेवटी दुकान सापडलं ते दोन शेरवाणीवाल्यांच्या मधल्या बोळातच. बारा फूट रुंदीचं, आणि छतापासून जमिनीपर्यंत पुठ्ठ्याची खोकी. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या शेठना सगळे ‘दादा’ म्हणत होते. त्यांनी टेम्पोकडे नजर टाकली आणि इंजिन न बघताच काय काय गेलं असणार ते सांगितलं: पिस्टन जाम, बुश संपला, क्लचप्लेटा चिकटल्या, टाकीत गंज. मग विचारलं, "क्या माल चाहिए? ओरिजिनल, ओरिजिनल में फर्स्ट, या एकदम ओरिजिनल?"

काका म्हणाले, "हमको म्हैसूर का मंगता है."

दादांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "साईं, म्हैसूरवाला तो बंद हो गया. हमारा भी ओरिजिनल उधर शिकारपूर में रह गया. ये सब," त्यांनी खोक्यांवरून, बोळावरून, बाहेरच्या शेरवाणींवरून हात फिरवला, "इधर बनाया."

यावर काकांकडे उत्तर नव्हतं, म्हणून ते पायरी उतरायला लागले. पायरी उंच होती. दादा म्हणाले, "संभाल के. घुटना?"

"दोनों बदला है."

"ओरिजिनल है?"

काका पुन्हा आत येऊन बसले.

मागच्या खोलीत लेथ होता. कनेक्टिंग रॉडच्या वरच्या टोकाचा बुश तिथंच बनणार होता, कारण खोक्यातला हाताला लागेना. विशीतला एक पोरगा होता, कानात गाणं, पायात स्लिपर. त्यानं पितळी रंगाचा ब्राँझचा दांडा चकमध्ये धरला, हातानं एक गिरकी देऊन वाकडा फिरत नाही ना ते पाहिलं, आणि मशीन चालू केलं. टूल टेकल्याबरोबर सोनेरी भुगा त्याच्या मनगटावर उडायला लागला. तो मधेच थांबून जुना बुश चिमटीत फिरवून बघे, पुन्हा हँडल अर्धा इंच सरकवी. काकांचा श्वास त्याच्यापेक्षा जास्त अडकलेला. बुश निघाल्यावर त्यांनी खिशातून स्वतःचा व्हर्नियर काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि तीन जागी माप घेतलं. मग पिस्टनची पिन तेलाचं बोट लावून आत सोडली. पिन आपल्या वजनानं हळूहळू खाली उतरली, कुठंही न अडकता, कुठंही न डुगडुगता.

"काय म्हणताय काका?"

"व्हर्नियर जुना झालाय," काका म्हणाले.

पण त्यानंतर त्यांनी पोराला विचारलं की कुठं शिकलास, आणि तो ‘इधरीच’ म्हणाल्यावर मान हलवली. समोरच्या गाडीवरून दालपकवान आलं. मऊ शिजवलेली चण्याची डाळ, वर हिरवी आणि चिंचेची चटणी, कच्चा कांदा, आणि मोडताना आवाज करणारी मैद्याची ओव्याची पुरी. काकांनी आधी ‘सकाळी तेलकट नको’ म्हटलं, मग पकवान दोन्ही बाजूंनी तपासून बघितलं, मग दुसरी प्लेट मागवली. माझं मत विचाराल तर ज्या गावाला आम्ही नकलेवरून हसत आलो, त्या गावाशिवाय आमच्या भागातली एकही जुनी गाडी रस्त्यावर दिसली नसती. कारखाने मॉडेल बंद करतात आणि मोकळे होतात. बंद पडलेलं चालू ठेवायचं काम बारा फुटी दुकानात होतं.

पुढचे महिने भराभर गेले. टाकीत जुने नटबोल्ट आणि रसायन घालून ती इतकी हलवली की बोळातल्या मांजरांनी वस्ती बदलली. दोन्ही सायलेन्सर कास्टिकनं धुतले. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर का, हा प्रश्न प्रत्येक येणाऱ्यानं विचारला आणि काकांनी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. क्रोम चढलं, रंग चढला, सहा व्होल्टचा दिवा लागला आणि दिवसाउजेडी तो लागलाय हे ओळखायला हात आडवा धरावा लागला. बिलं माझ्या नावावर, सूचना काकांच्या.

गाडी चालू व्हायचा दिवस आला. येझदीत किक आणि गिअर यांचा दांडा एकच. दाबून वर फिरवला की किक, खाली आणला की गिअर. नव्या माणसाची फजिती बघायला बोळ भरला होता. पोरानं किक मारली. निळा धूर दोन्ही सायलेन्सरांतून निघून दोन्ही शेरवाणीवाल्यांकडे समसमान गेला, आणि ती डुगडुग ऐकून दादा गल्ला सोडून बाहेर आले.

काकांनी खिशातून किल्ली काढून ठेवलीच होती. हेल्मेट घालून म्हणाले, "गोल मैदानापर्यंत एक राउंड मारतो. नवे गुडघे कसे चालतात बघू."

गेले ते गेलेच. अर्ध्या तासानं मी दादांना विचारलं, "काय करायचं?"

"मालिक गाडी ले गया," ते म्हणाले.

"मालिक मैं हूं!"

"आप तो पेमेंटवाले हो," दादा म्हणाले आणि काढलेल्या जुन्या पार्टांची गोणी माझ्या हातात दिली. एकही फेकायचा नाही, असा काकांचा हुकूम होता.

ती गोणी घेऊन मी संध्याकाळच्या बदलापूर लोकलला लटकलो. ज्यांच्या पायावर ती टेकली त्यांच्याबद्दल इथं लिहीत नाही. विठ्ठलवाडीहून सुटलेली ही गाडी अंबरनाथच्या आधी सिग्नलला थांबली, तेव्हा फोन वाजला.

"विमको नाक्यावर उभा आहे," काका म्हणाले. "पेट्रोल संपलं. तू टाकीत भरलंस किती? वहीत नोंद नाही."

"काका, मी लोकलमध्ये आहे."

"मग अंबरनाथला उतर आणि पंपावरून दोन लिटर घेऊन ये. लिटरमागे पन्नास मिली ऑइल टाकून. मोजून. आणि तिकडून रिक्षानं ये, बाटलीतलं पेट्रोल घेऊन पुन्हा लोकलमध्ये चढू नकोस. गुन्हा आहे तो."